प्रेमभाभींचा सोपा नियम

प्रेमकुंवरभाभींनी जन्मभरासाठी घेतलेला नियम इतका सोपा होता, की तो ऐकून जैन स्थानकातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला म्हणे. मी तिथे नव्हते. आम्ही महाजन, आमचा जैन स्थानकाशी संबंध शेजारापुरता. पण भाभींच्या आणि माझ्या गच्चीत कमरेएवढी एकच भिंत आहे. एवढ्याशा भिंतीवरून शेजारणीचा धर्म इकडे यायला वेळ लागत नाही, हे मला पुढे कळलं.

त्या चातुर्मासात अमळनेरात तपस्येची चढाओढ लागली होती. कोणाची आठ दिवसांची अठ्ठाई, कोणाचं मासखमण, म्हणजे महिनाभर नुसतं पाणी. त्यांच्या मिरवणुका निघत, बँड वाजे, आणि भाभी खिडकीत उभ्या राहून बघत. त्यांना साखरेचा आजार. एक वेळ उपाशी राहिल्या तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी उपासाचं नावच काढायचं नाही असं बजावलेलं. शेवटी स्थानकात चातुर्मासाला उतरलेल्या साध्वींनी, महासतीजींनी, सांगितलं, ज्यांना तप झेपत नाही त्यांनी एखादा छोटासा नियम घ्यावा. भाभी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हिरवी फांदी माझ्या हाताने मोडणार नाही. आणि मोडलेली दिसली, जगण्यासारखी असली, तर फेकणार नाही. जगवीन."

आता यात अवघड काय होतं? भाभींचं घर म्हणजे खाली पन्नालालशेठचं तेलाचं दुकान, वर दोन खोल्या आणि त्यावर उघडी गच्ची. पालेभाजी भाभींनी केव्हाच सोडलेली. घरात हिरवी वस्तू एकच, गच्चीचं दार, आणि तेही रंगवलेलं. पन्नालालशेठना बायकोचा व्यवहार फार पसंत पडला. दुकानात आलेल्या प्रत्येकाला ते सांगत, "आमच्या घरातून जन्मभराचा नियम झालाय." कोणता, ते सांगत नसत.

पुढच्या वर्षी भाभींच्या एकुलत्या एका मुलाचं, संयमचं, लग्न झालं. मुलगा पुण्यात कंपनीत, सून पलक धुळ्याची. मुलगी गुणाची हो. पहिल्या होळीला माहेराहून सासरी येताना तिने सासूबाईंसाठी साडी नाही, मिठाई नाही, एक टांगायची कुंडी आणली. तीत चिनी गुलाब होता. जमिनीसरशी पसरणारी ती मांसल पानांची वेल, नऊ-दहाला फुलं उघडणारी आणि दुपारी मिटणारी. लोक तिला ऑफिस टाइमही म्हणतात. मी सगळी नोकरी एसटी डेपोच्या ऑफिसात केली, त्यामुळे या नावावर मला काही बोलायचं नाही.

धुळ्याहून येताना गाडी कुठेतरी खड्ड्यात आदळली आणि कुंडी फुटली. पलकने रडवेल्या चेहऱ्याने पिशवी उघडली, तर आत माती, खापऱ्या आणि मोडलेल्या फांद्यांचा चुरा. कोणीही दुसरी सासू असती तर म्हणाली असती, जाऊ दे गं, नवीन आणू. भाभींनी चुऱ्यातली एक एक फांदी वेगळी केली. मग त्यांनी शेठना हाक मारली, "अहो, खालून रिकामे डबे पाठवा."

या झाडाचा एक स्वभाव आहे, तो तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता. त्याची फांदी बोट लागलं तरी मोडते, आणि मोडलेला तुकडा मातीवर नुसता टेकवला तरी जगतो. नियम घेताना भाभींच्या डोक्यात आंबा, लिंब, फार तर तुळस असणार. असल्या झाडाशी गाठ पडेल हे महासतीजींनाही सुचलं नसेल.

त्या दिवशी पलकच्या चुऱ्यातून तेलाच्या डब्यांची एक ओळ लागली. आमच्या गावात तेलाच्या डब्यांना तोटा नाही, आणि तेलाच्या दुकानात तर नाहीच. भाभी डबे आडवे कापून घेत, तळाला भोकं पाडत, नदीची वाळू आणि माती मिसळून भरत. पाणी घालत ते गाळून. प्यायचं पाणी फडक्यातून गाळतात तसंच झाडाचंही. मी भिंतीवरून म्हटलं, "भाभी, झाडाला काय होणार आहे न गाळलेल्या पाण्याने?" तर म्हणाल्या, "लताताई, झाडाला नाही हो, पाण्यातल्या जीवाला."

पाणी घालताना फांदी मोडे. मोडलेली लावावी लागे. लावताना शेजारची मोडे. वाऱ्याने मोडत, चिमण्यांनी मोडत, मांजराने तर एका उडीत डबाभर लागवड केली. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, आमच्या वैशाखात हे टिकायचं नाही, सुटका होईल. कसलं काय! जिथे माणूस ओला रुमाल डोक्यावर घेऊन चालतो, तिथे हा चिनी गुलाब दहा वाजता गुलाबी, पिवळा, शेंदरी होऊन हसत असे. छाटणी केली असती तर झाड आटोपशीर राहिलं असतं. पण छाटायचं म्हणजे मोडायचं. तेव्हा ते डब्यातून खाली उतरलं, फरशीच्या सांध्यांमध्ये बारीक काळं बी पडलं, आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत भाभींची गच्ची भाभींची राहिली नाही.

पाय ठेवायला जागा उरली नाही, कारण पाय ठेवला की फांदी मोडणार. भाभी आधी बोटांवर चालत. मग दारातून लांब नळीने पाणी घालू लागल्या. पापड वाळवायला माझ्या गच्चीवर आल्या, मग कपडे आले. पलीकडच्या कोपऱ्यातल्या टाकीचा बॉलकॉक बिघडला, पाणी वाहायला लागलं, तेव्हा पन्नालालशेठ दारात उभे राहून स्वतःच्या टाकीकडे लांबून बघत होते. शेवटी ते माझ्या घरातून, माझ्या जिन्याने, भिंतीवर चढून टाकीपर्यंत पोहोचले. धोतर सांभाळत ओरडले, "लताताई, कोणाला सांगू नका." मी गल्लीत फक्त दोघींना सांगितलं.

भाजी विकायला येणारी धुरपदाबाई एकदा पाणी प्यायला वर आली आणि ते सगळं बघून खूश झाली. "बाई, हाई तं घोळनी भाजीना सारखं शे! मस्त दाय टाकीसन करी ल्या!" झाडाची भाजी करायची, हे ऐकून भाभींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. धुरपदाबाईला कळेना आपण काय वाईट बोललो.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग संयमचा फोन आला.

त्याच्या कंपनीत घरून काम करायची सोय झाली होती. तो म्हणाला, "मम्मी, आम्ही दोघं अमळनेरला येऊन राहू शकतो. पण तिथे आम्हाला जागा कुठे आहे? दोन खोल्यांत मी मीटिंग घेऊ कुठे? पप्पांना म्हणावं गच्चीवर एक खोली बांधा. बांधली की आलोच."

फोन ठेवल्या ठेवल्या भाभी माझ्याकडे आल्या. चपला न घालता आल्या. मुलगा बारावीनंतर घरातून गेला तो गेलाच होता, दिवाळीला येऊन भाऊबीजेला परत. त्या बाईने कधी तक्रार केली नाही, पण त्याच्या ताटाची जागा भिंतीशी रिकामी ठेवून जेवायला बसायची, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. "लताताई, येतो म्हणाला," एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात खाली बसून रडल्या. मलाही रडू आलं. आनंदाचं होतं, म्हणून दोघींनी डोळे पुसले नाहीत.

पन्नालालशेठनी दुसऱ्याच दिवशी सुकदेव मिस्तरीला बोलावलं. मिस्तरी टेप घेऊन गच्चीच्या दारापर्यंत आला आणि थबकला. समोर भिंतीपासून भिंतीपर्यंत फुलं. "भाभी, पाय कोठे ठेवू?" त्याने विचारलं. भाभी त्याच्या मागे उभ्या होत्या. त्या जिना उतरून खाली निघून गेल्या.

मला त्या दिवशी त्या नियमाचा असा राग आला! इकडे पोरगा येतोय आणि तिकडे तेलाच्या डब्यातलं गवत आडवं पडलंय. मी म्हटलंदेखील, "भाभी, उपटा आणि मोकळ्या व्हा. देव समजून घेईल." भाभी म्हणाल्या, "देवाला नाही दिला ना शब्द. स्वतःला दिला. स्वतः कसं समजून घेऊ?"

पन्नालालशेठ व्यापारी माणूस. त्यांनी वाट काढली. "तू हात लावू नकोस. सुकदेवचे मजूर काढतील." भाभी म्हणाल्या, पाप स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला बरं म्हणणं, तिन्ही एकच. शेठनी एक दिवस विचार केला. मग म्हणाले, "तू सकाळी स्थानकात जातेस. त्या वेळात मी परस्पर काढून घेतो. तुला कळणारच नाही." भाभी म्हणाल्या, "आता कळलं ना." शेठ कपाळाला हात लावून दुकानात जाऊन बसले. त्या दिवशी गिऱ्हाइकांना त्यांनी नियमाबद्दल काही सांगितलं नाही.

पर्युषण संपत आलं तेव्हा भाभींनी धीर करून महासतीजींना विचारलं. मी मुद्दाम सोबत गेले, म्हटलं बघू तरी काय तोड निघते. महासतीजी वयाने पलकएवढ्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. टाकीच्या गोष्टीला त्यांनाही हसू आलं असावं, पण तोंडावर बांधलेल्या मुखवस्त्रिकेमुळे कळलं नाही. त्या म्हणाल्या, "जीव जगवायचा, असा नियम आहे ना? तो तुमच्याच गच्चीवर जगावा असं कुठे म्हटलंय?"

झालं. अमळनेरावर संकट आलं ते असं.

नवरात्रात भाभींनी डबे वाटायला सुरुवात केली. दारातून आत एक एक पाऊल. आधी कडेचे डबे, मग फरशीच्या सांध्यांतली रोपं बोथट चमच्याने मुळासकट उचलून नव्या डब्यांत. ही बाई स्थानक आणि डॉक्टर सोडून गावात कुठे गेली नव्हती. स्टेशन कोणत्या बाजूला आहे हेही तिला रिक्षात बसल्यावर विचारावं लागे. ती आता रिक्षाभर डबे घेऊन घरोघरी जाऊ लागली. दार उघडलं की एक डबा आणि तीन अटी. पाणी गाळून घाला, तेही आठवड्यातून दोनदाच. फूल तोडू नका. मोडलेली फांदी फेकू नका, लावा.

नाही कोण म्हणणार? पन्नालालशेठकडे अर्ध्या गावाचं तेल. एसटी स्टँडच्या कंट्रोलरने टेबलावर ठेवला. कॉलेजच्या शिपायाने नोटीस बोर्डाखाली ठेवला. न्हाव्याच्या दुकानात गेला, पिठाच्या गिरणीत गेला, पोलीस चौकीच्या पायरीवर गेला. वकील हितेंद्र भावसार यांनी दोन मागून घेतले आणि झाडाच्या निगेवर भाभींनाच अर्धा तास माहिती दिली. धुरपदाबाई स्वतः आली. "मना आंगणमा बठ्ठा दिन ऊन ऱ्हास. दोन डबा माले द्या. भाजी नही करस, तुमनी आन!" भाभींनी तिला चार दिले. मला तर काय, भिंतीवरूनच सरकवले.

दिवाळीनंतर गच्ची रिकामी झाली. भाभींनी शेवटचं रोप टाकीमागून काढलं आणि सुकदेव मिस्तरीला स्वतः निरोप पाठवला. खोली उभी राहिली ती अशी की आमच्या गल्लीत तशी दुसरी नाही. एसी, टेबल, पाठीला टेकू देणारी खुर्ची, इंटरनेटची वायर. अक्षय्य तृतीयेला संयम आणि पलक आले. भाभींनी दोघांच्या आवडीचं काय काय केलं, ते सगळं लिहायला बसले तर मलाच भूक लागेल.

दोघं आठवडाभर राहिले. मग संयमने चहा पिता पिता सांगितलं, कंपनीने नियम बदलला, आता आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायलाच हवं. कंपनी नियम किती सहज बदलते, नाही? पलकचं तोंड उतरलं होतं, तिचा दोष नव्हता. संयमही बिचारा खाली मान घालून बोलत होता. भाभी "हो का, बरं" म्हणाल्या आणि त्याच्या बशीत आणखी एक खाकरा ठेवला. गाडी सुटल्यावर मी भिंतीवरून बघितलं, तर भाभी नव्या खोलीत त्याच्या खुर्चीवर बसल्या होत्या. बाहेर गच्ची कोरी, तापलेली. एक काडी नाही तिच्यावर. मला पुण्यातल्या त्या कंपनीला चार शिव्या घालाव्याशा वाटल्या, आणि मी घातल्याही, माझ्या स्वयंपाकघरात, मोठ्याने.

मी भाभींना म्हटलं, "या माझ्याकडे, दोन फांद्या परत न्या. गच्ची बघवत नाही." त्या म्हणाल्या, "तुमच्याकडचं नीट आहे ना? मग राहू दे. बाकीची बघून येते."

आणि भाभी निघाल्या. आधी एक दिवस, मग रोज. सकाळी स्थानक, तिथून घरी येऊन डोक्यावर पदर सारखा करायचा, आणि फुलं उघडायच्या सुमाराला गावात फेरी. एसटी स्टँडवर कंट्रोलर त्यांना बघून टेबलावरचा चहाचा कप डब्यापासून लांब करतो, कारण एकदा उरलेला चहा झाडात ओतताना तो पकडला गेला. न्हाव्याने डबा आतल्या अंधारातून बाहेरच्या ओट्यावर आणला. चौकीतले हवालदार त्यांना पाण्याची बाटली दाखवतात आणि सांगतात, "गाळलेलं आहे, भाभी." खरं असेल असं मला वाटत नाही. वकिलांची दोन्ही झाडं कुजून मेली. ते रोज तीन वेळा पाणी घालत. भाभींनी त्यांना आणखी एक डबा दिला आणि वकिलीणबाईंच्या ताब्यात ठेवला. माझ्या गच्चीवरचं झाड उत्तम आहे. मी त्याला विसरलेली असते, आणि त्याला तेच मानवतं.

फेरीत नुसती झाडं बघून होत नाही. गिरणीवाल्याच्या आईचे गुडघे, न्हाव्याच्या मुलीची परीक्षा, धुरपदाबाईच्या सुनेचं बाळंतपण, सगळं भाभींना ठाऊक. बाळाच्या बारशाला धुरपदाबाईने त्यांना पाटावर बसवलं आणि पाळण्याला पहिला झोका त्यांच्या हातून द्यायला लावला. पूर्वी स्टेशन कुठे आहे हे माहीत नसलेल्या बाईला आता रस्त्यात दहा ठिकाणी थांबावं लागतं. साखरही म्हणे खाली आली. डॉक्टरांना वाटतं औषधाने.

परवा संयमचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच होते, पापड घ्यायला आलेली. शेठ जवळ बसले होते. संयम म्हणाला, "मम्मी, आता तुम्ही दोघं इकडेच या. कायमचे. मोठा फ्लॅट घेतला आम्ही. तुम्हाला वेगळी खोली आहे. तिथे दोघंच काय करता तुम्ही?" पोरगा मनापासून बोलत होता. शेठचा चेहरा उजळला. दुकान त्यांना झेपेनासं झालंय, हे गल्लीला माहीत आहे. ते भाभींकडे बघायला लागले. मी पापडांचा डबा मांडीवर घट्ट धरला. हाच दिवस यावा म्हणून त्या बाईने काय काय केलं होतं, ते मी बघितलं होतं. आता ती हो म्हणणार, आणि भिंतीपलीकडे मी एकटी उरणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

भाभींनी फोन हातात घेतला. मग त्यांनी विचारलं, "बेटा, गॅलरीत ऊन येतं का?"

"ऊन? नाही गं. समोर टॉवर आहे ना. छान सावली असते दिवसभर."

"मग मी तिथे काय करू?" भाभी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. "तुम्हीच येत जा. खोली बांधलेली आहे."

संयम काही बोलणार तेवढ्यात पलक मागून पुढे आली. तिने विचारलं, "मम्मी, मी आणलेलं ते झाड आहे का हो अजून? गच्चीवर दिसलं नाही तेव्हा. मला विचारायचा धीर झाला नाही."

"आहे," भाभी म्हणाल्या. "तू ये. फिरून दाखवते तुला. एका दिवसात नाही व्हायचं."

त्यांनी फोन शेठच्या हातात दिला, घड्याळाकडे बघितलं आणि चपला पायात सरकवल्या. नऊ वाजून गेले होते. स्टँडवरची फुलं उघडली असणार.